शून्य आणि एक कुठे राहतात

मँचेस्टर. सोमवार, २१ जून १९४८. विद्यापीठाच्या एका जुन्या इमारतीतल्या खोलीत तुम्ही उभे आहात. भिंतींना तपकिरी टाइल्स, आणि समोर लोखंडी रॅकची पाच मीटर लांब रांग, तुमच्या डोक्याहूनही उंच. तिला दारं नाहीत, झाकणं नाहीत. वायरींचे जुडगेच्या जुडगे लोंबतायत आणि साडेपाचशे व्हॉल्व्हची ऊब थेट चेहऱ्याला लागतेय. हे यंत्र टनभर वजनाचं आहे. ते बांधणारे लोक त्याला ‘बेबी’ म्हणतात.

कॉम्प्युटरला फक्त शून्य आणि एक कळतं, हे तुम्ही शाळेपासून ऐकत आला आहात. ते शून्य आणि तो एक आत नेमके असतात कुठे, हे मात्र कुणी दाखवलं नाही. हातातला फोन उघडला तर काळी चिप दिसते. ती फोडली तरी डोळ्यांना काही सापडणार नाही. म्हणून इतकं मागे यावं लागलं. नुसत्या डोळ्यांनी बिट बघता येतील अशी यंत्रं जगात थोडाच काळ होती. आपली आज्ञावली स्वतःच्याच इलेक्ट्रॉनिक स्मृतीत ठेवून चालवणारं पहिलं यंत्र त्यांतलंच, आणि ते आज पहिल्यांदा चालणार आहे.

रॅकच्या मधोमध एक गोल काचेचा पडदा आहे. त्यावर ओळींत मांडलेल्या उजळ खुणा आहेत. बत्तीस ओळी, आणि प्रत्येक ओळीत बत्तीस जागा. काही जागी नुसता ठिपका, काही जागी छोटी आडवी रेघ. मोजून १०२४ खुणा. यंत्राची सगळी स्मृती तेवढीच, आणि ती पूर्णच्या पूर्ण तुमच्यासमोर उघडी पडलेली आहे. ठिपका म्हणजे शून्य, रेघ म्हणजे एक.

सापडला की बिट, असं तुम्हाला वाटतं. थोडं थांबा.

तुम्ही बघताय तो पडदा नुसता आरसा आहे. खरी साठवण शेजारच्या दुसऱ्या नळीत आहे, आणि तिच्या तोंडावर बाहेरून धातूची जाळी बसवलेली असल्याने आत काही दिसत नाही. त्या नळीत इलेक्ट्रॉनांचा किरण काचेच्या आतल्या लेपावर आदळतो. आदळताना तो लेपातले जास्तीचे इलेक्ट्रॉन उडवून लावतो आणि तिथे धन विद्युतभाराचा एक इवलासा खड्डा तयार होतो. ठिपका काढला तर खड्डा तसाच राहतो. रेघ ओढली तर शेजारून उडालेले इलेक्ट्रॉन येऊन तो बुजवतात. पुन्हा त्याच जागी किरण नेला की बाहेरच्या जाळीत एक क्षीण लहर उठते, आणि तिच्या दिशेवरून कळतं की इथे खड्डा होता की बुजला होता.

म्हणजे नळीत ठिपका नाही, रेघ नाही, शून्य नाही आणि एकही नाही. भार आहे. तोही टिकाऊ नाही, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात गळून जातो. त्यामुळे किरणाला अखंड फिरत राहावं लागतं. एक ओळ वाचायची, वाचलं तेच परत लिहायचं, मग पुढची ओळ. पाटीवरचं अक्षर पुसट होण्याआधी पुन्हा गिरवावं, तसं. आठवण ही इथे पडून राहणारी वस्तू नाही, सतत करत राहायची कृती आहे. तुमच्या फोनमधली रॅमही आज अशीच स्वतःला सेकंदाला कित्येक वेळा गिरवत असते, म्हणून बॅटरी काढली की तिच्यातलं सगळं जातं.

ही नळी फ्रेडी विल्यम्स यांच्या डोक्यातून आली. युद्धकाळात ते रडारवर काम करत होते, त्यामुळे असे पडदे त्यांच्या रोजच्या हाताखालचे. त्यांच्याबरोबर टॉम किलबर्न आहेत, वय सव्वीस, आणि जेफ टूटिल. तिघांनाही मोठं गणिती यंत्र बांधायचं नव्हतं. नळी खरोखर आठवण ठेवते का, वेगाने बदलणाऱ्या मजकुराला पुरी पडते का, हे तपासायला एक यंत्र हवं होतं. म्हणून हे. मला या गोष्टीचं अप्रूप वाटतं. आधी स्मृती बनवली आणि तिची परीक्षा घ्यायला कॉम्प्युटर उभा केला.

एका ओळीजवळ वाका. डावीकडच्या पहिल्या पाच जागा वाचा: ठिपका, ठिपका, रेघ, ठिपका, रेघ. पहिल्या जागेची किंमत १, दुसरीची २, पुढे ४, ८, १६. रेघा ४ आणि १६ वर आहेत. बेरीज वीस. आपण एकक उजव्या टोकाला लिहितो, इथे तो डावीकडे आहे. किरण डावीकडून धावत येतो आणि वजाबाकीला एकक आधी लागतो, एवढंच त्याचं कारण. आणि वजाबाकी म्हटलं ते उगाच नाही. या यंत्राला बेरीज येतच नाही. ते फक्त वजा करतं आणि चिन्ह उलटं करतं. ऋण संख्या वजा केली की बेरीज होते, मग वेगळी बेरीज कशाला बांधायची?

वीस. पण वीस म्हणजे काय? वीस ही संख्या, की स्मृतीतली वीस क्रमांकाची ओळ? ओळीकडे कितीही वेळ बघा, उत्तर मिळणार नाही. यंत्राच्या नियंत्रकाने ही ओळ आज्ञा म्हणून उचलली, तर पहिल्या पाच जागा ‘कुठल्या ओळीवर’ हे सांगतील, आणि पुढे चौदाव्या ते सोळाव्या जागेतले तीन बिट ‘काय करायचं’ ते सांगतील. तीच ओळ वजाबाकीसाठी उचलली, तर बत्तीसच्या बत्तीस खुणा मिळून एक संख्या होईल. ओळीवर कुठेही ‘मी आज्ञा’ किंवा ‘मी संख्या’ असं लिहिलेलं नाही. लिहायला वेगळी शाई नाही, रंग नाही, आहेत ते पुन्हा बिटच.

तीन बिटांचं म्हणाल तर त्यांच्यातून आठ वेगवेगळ्या मांडण्या निघतात. हे तुम्हाला नवं नाही. मराठीच्या तासाला वृत्तं शिकताना ‘यमाताराजभानसलगा’ घोकलं होतं ना? लघू आणि गुरू असे दोनच प्रकार, तीन-तीन अक्षरांचे गण, म्हणून गण आठच. त्या घोकणीची करामत अशी की तिच्यात कुठूनही सलग तीन अक्षरं उचला: यमाता, मातारा, ताराज, राजभा. दर वेळी वेगळा गण पडतो, आणि दहा अक्षरांत आठही गण एकेकदाच येऊन जातात. पिंगलाचार्यांच्या छंदःशास्त्रात लघू-गुरूंचे सगळे प्रस्तार क्रमाने मांडायची रीत आहे. म्हणून आपल्याकडे कॉम्प्युटर होता असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण दोनच गोष्टींच्या मांडण्या किती आणि कशा होतात, हा प्रश्न आपल्या लोकांनी कवितेसाठी इतक्या नेटाने सोडवला, याचा आनंद मला लपवावासा वाटत नाही. बेबीला आठांपैकी सात आज्ञा पुरल्या.

आता किलबर्न बटणं दाबू लागतात. ही बटणं लढाऊ विमानांच्या रेडिओ संचांमधली आहेत, युद्ध संपल्यावर उरलेली. एकेका दाबण्याने एकेक खूण बदलते. सतरा आज्ञांची आज्ञावली अशी हाताने भरली जाते. काम सोपं आहे. एका संख्येला पूर्ण भाग देणारी, तिच्याहून लहान अशी सर्वांत मोठी संख्या शोधायची. भागाकाराची सोय नसल्याने दर वेळी वजाबाक्या करत जायचं. संख्या २,६२,१४४. एक वजा करून तिथपासून खाली एकेक संख्या तपासत यायचं.

कळ दाबली जाते आणि पडद्यावरच्या खुणा थयथयाट करू लागतात. आधीच्या कित्येक खेपांना हा नाच असाच सुरू झाला होता आणि त्यातून काहीच हाती लागलं नव्हतं. तुम्ही उभेच राहता. पाव तास जातो, अर्धा तास. बावन्न मिनिटांत सुमारे पस्तीस लाख क्रिया होतात. मग नाच थांबतो. उत्तर आहे १,३१,०७२, आणि ते बरोबर आहे.

ही संख्या निवडली कारण तिचं उत्तर आधीच ठाऊक होतं. २,६२,१४४ ही द्विमान पद्धतीत लिहिली तर एकावर अठरा शून्यं. उत्तर म्हणजे एकावर सतरा शून्यं. एवढा खटाटोप झाला आणि शेवटी एक ‘एक’ एका घराने सरकला. कागदावर हे क्षणात जमलं असतं. पण बावन्न मिनिटांत त्या नळीने एकही बिट विसरला असता किंवा चुकीचा आठवला असता, तर हे उत्तर आलं नसतं. तपासायचं होतं ते हेच.

दोनच खुणा का? दहा का नाहीत? एका जागी भाराच्या दहा पायऱ्या ठेवल्या असत्या, तर ओळी कमी लागल्या असत्या. पण भार गळतो, व्हॉल्व्ह तापले की बदलतात, बाहेरचा विजेचा गोंगाट आत शिरतो. दहा पायऱ्यांमध्ये सातवीची आठवी व्हायला कितीसा वेळ लागतो? दोनच पायऱ्या असल्या तर त्यांच्यामध्ये रुंद मोकळी जागा सोडता येते. खड्डा थोडा बुजला तरी तो खड्डाच मानायचा, आणि गिरवताना पुन्हा पूर्ण खोल करायचा. बिटाचं बळ त्या मोकळ्या जागेत आहे. लोक म्हणतात कॉम्प्युटर काटेकोर असतो. खरं तर आतलं प्रत्येक सामान ढिलं आहे, आणि त्या ढिलेपणाला पुरेशी जागा देणारा करार काटेकोर आहे.

आता इथून जुन्या काळात उडी घ्या. १५ मार्च १६७९, हॅनोव्हर. मेणबत्तीच्या उजेडात गॉटफ्रीड लायब्निझ लॅटिनमध्ये टिपण लिहितायत. शून्य आणि एक एवढ्याच अंकांनी मोजणी कशी चालते, बेरीज-गुणाकार कसे होतात, ते कागदावर उतरतंय. खांद्यावरून वाचत जा. मजकुरात एक यंत्र येतं. एका डब्याला भोकं, ती उघडता-मिटता येतील अशी. एक असेल तिथलं भोक उघडं, शून्य असेल तिथलं बंद. उघड्या भोकांतून गोट्या खालच्या खाचांत पडतील, बंद भोकांतून काही पडणार नाही. गुणाकारात पुढच्या घरात जायचं तर डबा सरकवायचा.

हे यंत्र त्यांनी बांधलं नाही. बांधायला घेतलेलं त्यांचं गणनयंत्र दशमान होतं. पण टिपणात सगळं आहे. त्यांना या दोन अंकांमध्ये ईश्वरही दिसत होता. सगळं काही शून्यातून एकाने निर्माण केलं, असं १६९७ मध्ये त्यांनी आपल्या ड्यूकला कळवलं आणि त्याचं पदक पाडावं असंही सुचवलं. त्या श्रद्धेची टिंगल करायचं कारण नाही, तिने त्यांना या विषयाशी आयुष्यभर बांधून ठेवलं. मात्र तुम्ही ज्या शोधात निघाला आहात त्याचं उत्तर इथेही तेच निघतं. डब्यात शून्य नाही, एक नाही. भोक आहे.

परत १९४८ च्या उन्हाळ्यात या, पण अटलांटिकच्या पलीकडे. बेबी चालली २१ जूनला. ३० जूनला न्यूयॉर्कमध्ये बेल लॅबोरेटरीजने ट्रान्झिस्टर जगाला दाखवला. आणि जुलैत त्याच संस्थेच्या नियतकालिकात क्लॉड शॅनन यांचा लेख छापून आला. तो ताज्या शाईचा अंक हातात घ्या. ‘बिट’ हे नाव छापील लेखात पहिल्यांदा इथे येतं, आणि ते गणितज्ञ जॉन टुकी यांनी सुचवल्याचं शॅनन तिथेच नोंदवतात.

शॅनन यांचं आधीचं काम थोडक्यात सांगतो. १९३७ मध्ये, एमआयटीत शिकत असताना, त्यांच्यासमोर व्हॅनेव्हार बुश यांचं अवाढव्य यांत्रिक गणनयंत्र होतं आणि ते चालवणारे शंभरावर रिले. रिले म्हणजे विजेने उघडमीट होणारी कळ. जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कला असताना तर्काचं बीजगणित मांडलं होतं. त्यात ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांची गणितं होती. दोन कळा एकापुढे एक जोडल्या तर ‘आणि’, शेजारी शेजारी जोडल्या तर ‘किंवा’. एकविसाव्या वर्षी शॅनन यांनी हे ओळखलं आणि प्रबंधात लिहून टाकलं. वायर जोडणं हे तोवर कसबी हातांचं काम होतं, आता ते कागदावर सिद्ध करता येऊ लागलं.

१९४८ चा लेख त्याहून खोल जातो. त्यात कळ नाही, भार नाही, यंत्रच नाही. तिथे बिट हे माप आहे. कशाचं? तुमच्या मनातल्या अनिश्चिततेचं. नाणं उडालं, पडलं, मुठीखाली झाकलं गेलं. छापा की काटा, हे कळायला एका हो-नाहीची गरज आहे. मूठ उघडली की तुम्हाला एक बिट माहिती मिळते. आठ गणांपैकी माझ्या मनात कुठला आहे, हे ओळखायला नीट विचारलेले तीन प्रश्न पुरतात, म्हणजे तीन बिट. आणि नाणं दहापैकी नऊदा छापाच दाखवणारं असेल, तर मूठ उघडून अर्ध्या बिटाइतकीही माहिती सरासरीने मिळत नाही. उत्तर तुम्हाला जवळजवळ ठाऊकच असतं.

हे आपल्या भाषेत करून बघा. ‘ज्ञानेश्व’ इथवर वाचल्यावर पुढच्या ‘र’ने तुम्हाला काय नवं सांगितलं? काहीच नाही, त्याची माहिती शून्याला टेकलेली. म्हणून तर मोबाइलवरच्या घाईच्या संदेशात निम्मी अक्षरं गळली तरी आई बरोबर वाचते. शॅनन यांनी इंग्रजी मजकुरातला असा फाजीलपणा सुमारे निम्मा असल्याचा अंदाज दिला. फायली दाबून लहान करण्याची सगळी तंत्रं हा फाजीलपणा काढून टाकतात. याच लेखाने उलटंही दाखवलं. विचार करून फाजीलपणा घातला, तर गोंगाटातूनही निरोप हवा तितका बिनचूक पोचवता येतो.

तो कसा घालायचा, हे बघायला एका शनिवार-रविवारी बेल लॅबोरेटरीजमधल्याच रिचर्ड हॅमिंग यांच्यामागे जा. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचं काम रिलेच्या कॉम्प्युटरला लावून सगळे घरी जातात. सोमवारी ते उत्सुकतेने येतात आणि कळतं की मध्येच एका रिलेने दगा दिला. चूक झाल्याचं यंत्राला ओळखता येत होतं, म्हणून त्याने ते काम बाजूला टाकून पुढचं घेतलं. पुन्हा पुढच्या आठवड्यात तेच. हॅमिंग चिडतात. चूक झाली एवढं यंत्राला कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये?

त्यांनी १९५० मध्ये छापलेला उपाय तुम्ही आत्ता बोटांवर पडताळू शकता. चार बिटांचा निरोप आहे. त्याला तीन बिट जोडून सात करा आणि जागांना १ ते ७ क्रमांक द्या. पहिला पहारेकरी १, ३, ५, ७ या जागा बघतो. दुसरा २, ३, ६, ७. तिसरा ४, ५, ६, ७. जोडलेले बिट असे निवडायचे की प्रत्येकाच्या हद्दीत ‘एक’ सम संख्येने यावेत. आता वाटेत सहावा बिट उलटला समजा. पहिल्याची तक्रार नाही, सहावी जागा त्याच्याकडे नाहीच. दुसरा ओरडतो, तिसराही. पहिल्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४. ओरडणाऱ्यांची बेरीज करा: सहा. चूक कुठे आहे ते तक्रारींनीच सांगितलं. आणि बिट असल्यामुळे दुरुस्ती काय करायची हाही प्रश्न उरत नाही, जे आहे ते चूक म्हणजे त्याच्या उलट ते बरोबर. तीन पहारेकऱ्यांच्या उत्तरांच्या मांडण्या आठ: सात जागांसाठी सात, आणि आठवी ‘सगळं ठीक’. एकही मांडणी वाया जात नाही. मला गणितात याहून नेटकी गोष्ट फारशी ठाऊक नाही.

फेब्रुवारी १९६०, मुंबई. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला कॉम्प्युटर सुरू झालाय. दोन वर्षांनी पंडित नेहरू त्याला टिफ्रॅक हे नाव देतील. २७०० व्हॉल्व्ह इथेही तापतायत, पण स्मृतीकडे बघा, ती बदलली आहे. फेराइटच्या बारीक काळ्या कड्या तारांच्या जाळीत ओवलेल्या. कडीतून एका दिशेने प्रवाह गेला की तिचं चुंबकत्व घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बसतं, उलट गेला की उलट. आडव्या तारेतून निम्मा प्रवाह आणि उभ्या तारेतून निम्मा सोडला, तर जिथे दोन्ही भेटतात तेवढीच एक कडी पलटते, शेजारच्या कड्या हलत नाहीत. हजारो कड्यांमधून एक अचूक निवडायची ही युक्ती डोळ्यांनी समजते, आणि समजली की बराच वेळ तिथून हलवत नाही.

टिफ्रॅकमध्ये २०४८ शब्द मावतात, प्रत्येक शब्द चाळीस बिटांचा. म्हणजे ऐंशी हजारांहून जास्त बिट, आणि दर बिटाला एक कडी. मँचेस्टरच्या नळीसारखं इथे गिरवत राहावं लागत नाही, वीज गेली तरी कडी आपली दिशा सोडत नाही. पण तिचीही एक अडचण आहे. कडीत काय आहे हे विचारायचं, तर तिला शून्याच्या दिशेने ढकलावं लागतं. पलटली तर तिच्यात एक होता, नाही पलटली तर शून्य. म्हणजे विचारण्यातच उत्तर पुसलं जातं, आणि वाचलेलं लगेच परत लिहावं लागतं. जाळीवरून नजर फिरवा. ऐंशी हजार कड्या दिसायला हुबेहूब सारख्या.

आता पुणे, १९९६ चा सप्टेंबर, शनिवार पेठेतलं एक डीटीपीचं दुकान. दिवाळी अंकांची घाई. तुम्ही लेखाची फ्लॉपी पुढे करता. तिच्यावर एक कोटी सतरा लाखांहून जास्त बिट मावतात. ऑपरेटर फाईल उघडतो आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस आणि डॉलरच्या खुणांचा चिवडा उमटतो.

“साहेब, फॉन्ट आणलाय का?”

“नाही हो, लेख आहे ना त्यात.”

“लेख आहे, पण आमच्याकडे हा फॉन्ट नाही. कशात टाइप केलंय ते विचारून या, नाहीतर प्रिंटआउट द्या, परत टाइप करतो.”

तुमचं मन खट्टू होतं, पण इतक्या ठिकाणी फिरून आल्यावर आता खरं काय घडलंय ते तुम्हाला दिसतं. फ्लॉपीवरचा एकही बिट बिघडलेला नाही. तुमच्याकडे होते तसेच्या तसे सगळे इथे पोचले आहेत. हरवलाय तो करार. इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेल्या क्रमांकांवर एका फॉन्टवाल्याने आपल्या सोयीने काना, वेलांटी, अर्धा त बसवला, दुसऱ्याने दुसरीकडे. त्या क्रमांकाचं चित्र कुठलं काढायचं, हे फक्त तो-तो फॉन्ट जाणतो. त्या काळात मराठीत टाइप केलेली किती पानं अशी बंद पडली असतील, या विचाराने मला आजही वाईट वाटतं. याच पुण्यात सीडॅकमध्ये भारतीय लिप्यांच्या समान संकेताचं काम चालू होतं. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून तो मंजूरही झाला होता. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. करार होता. या दुकानापर्यंत पोचला नव्हता.

युनिकोडमध्ये ‘म’चा क्रमांक २३५०. द्विमान पद्धतीत १००१००१०१११०. बारा बिट झाले, एका बाइटमध्ये आठच मावतात. तेव्हा हे तोडून कसं पाठवायचं? दुकानातून चार वर्षं मागे, न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये शिरा. सप्टेंबर १९९२ ची रात्र. प्रोग्रामर केन थॉम्पसन टेबलावरच्या कागदी मॅटवर काहीतरी लिहितायत, समोर त्यांचे सहकारी रॉब पाइक बसलेत. शेजारच्या टेबलावरून मान वाकडी करून वाचा. शून्याने सुरू होणारा बाइट एकटा, तो जुन्या इंग्रजी संकेतातला. १११० ने सुरू होणारा बाइट सांगतो की हे अक्षर तीन बाइटचं आहे. सुरुवातीला सलग जितके एक, तितके बाइट. आणि मागून येणारा प्रत्येक बाइट १० ने सुरू व्हायलाच हवा.

‘म’ घाला यात. आपल्या बारा बिटांपुढे चार शून्यं घालून ते सोळा करा, आणि चार, सहा, सहा असे तोडा: ००००, १००१००, १०१११०. आता पुढे खुणा लावा: १११००००० १०१००१०० १०१०१११०. आज इंटरनेटवरून जाणारा जवळजवळ प्रत्येक ‘म’ असा जातो.

देवनागरीच्या अक्षराला तीन बाइट आणि इंग्रजीला एकच, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि ती खरी आहे. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी असे पाच क्रमांक. पंधरा बाइट, एकशेवीस बिट. बेबीच्या अख्ख्या स्मृतीत हा शब्द आठच वेळा मावला असता. पण त्या मॅटवर दुसरंही काही साधलं गेलं. जगातल्या जुन्या इंग्रजी फायली एकही बिट न बदलता नव्या करारात आल्या, म्हणून तो करार सगळ्यांनी स्वीकारला, म्हणून आपली अक्षरं कुठल्याही दुकानातल्या कुठल्याही पडद्यावर उघडू लागली. आणि प्रवाह मध्येच तुटला, अर्धा ‘म’ वाटेत पडला, तरी पुढचा वाचणारा १० ने सुरू होणारे बाइट सोडून देतो, नव्या सुरुवातीपाशी थांबतो आणि ‘र’पासून बिनचूक वाचू लागतो.

दोघे जेवण आटोपून उठतात. आठवडाभरात प्लॅन ९ ही त्यांची सगळी कार्यप्रणाली या संकेतावर चालू लागलेली असेल.